आबांच्या बोटातला गूळ, सुनेच्या वहीत

घरचा धंदा टिकतो कशानं आणि बुडतो कशानं? एका गुऱ्हाळघराची गोष्ट

दिवाळीचा पाडवा उजाडला की कोल्हापूरच्या बाजार समितीत गुळाचे सौदे निघतात. मुहूर्ताच्या रव्याला हार घातला जातो, पहिली बोली लागते, दुसऱ्या दिवशी पेपरात दर छापून येतो. ही रीत जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापुरी गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे नाव आहे, पेठ आहे, गिऱ्हाईक आहे. आणि तरीही करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या पट्ट्यात फिरताना चुलवाणावर गवत उगवलेली, काहील पालथी घातलेली गुऱ्हाळघरं जागोजागी दिसतात.

कारणं कुणालाही विचारा, पाठ म्हणून दाखवल्यासारखी सांगतील. कारखाना ऊस नेतो, बिल खात्यावर येतं, मग कुणी रात्रभर चुलवाणापुढं बसायचं? मजूर मिळत नाही. साखर मिसळलेला स्वस्त गूळ बाजारात येतो आणि चांगल्याचा दर पाडतो. ही सगळी कारणं खरीच आहेत. पण आणखी एक कारण आहे, ते चारचौघांत कुणी काढत नाही. पुष्कळ गुऱ्हाळघरं ज्याला सगळं ठाऊक होतं ते माणूस गेल्यामुळं बंद पडली. घरात ऊस होता, घाणा होता, काहील होती. फक्त सांगणारा उरला नव्हता.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात अशाच एका घराची गोष्ट ऐकायला मिळाली. हे घर बंद पडता पडता वाचलं. नावं छापू नका, घरचं घरात राहू दे, एवढी त्यांची अट होती. ती पाळून जे ऐकलं आणि पाहिलं ते इथं देतो आहे. आपल्या सगळ्यांच्या घराला लागू पडावं असं त्यात बरंच आहे.

आजोबांचा घाणा, बापाचं इंजिन

घरातले थोरले म्हणजे आबा. वय पंच्याहत्तरीला टेकलेलं. त्यांच्या वडिलांनी बैलाच्या घाण्यावर गुऱ्हाळ सुरू केलं. तीन लाट्यांचा लोखंडी चरक, बैलजोडी गोल फिरायची आणि पोरं वैरणीसाठी वाढं गोळा करायची. आबांच्या हातात कारभार आला तेव्हा बैल गेले आणि तेलावरचं इंजिन आलं. नंतर विजेची मोटार आली. पूर्वी सगळा माल तीस किलोच्या रव्यात जायचा. मग दहा किलो, पाच किलो, एक किलो अशा लहान ढेपा आल्या. एका घरानं तीन पिढ्यांत एवढे बदल पचवले. बँकेचं कर्ज एकदाच काढलं, तेही मोटारीसाठी. बाकी सगळं घरच्या घरात, दागिना मोडून नाहीतर म्हैस विकून.

घरच्या धंद्याची ताकद ती हीच. निर्णय घ्यायला सभा बोलवावी लागत नाही. रात्री जेवताना विषय निघतो आणि सकाळी अंमल सुरू होतो. मजूर आला नाही म्हणून आधण थांबत नाही. थोरली जाऊ मळी काढते, पोरगा शाळेतून आला की चिपाडं वाळत घालतो. एखादं वर्ष तोट्यात गेलं तर सगळे मिळून कमी खातात, पण धंदा मोडत नाहीत. पगारी माणसांच्या कारखान्याला हे जमणं अवघड.

पण याच ताकदीच्या पोटात एक दुखणं असतं. तेच पुढं आलं.

"गूळ शिकवून येत न्हाई"

गूळ करणं दिसतं तेवढं सोपं नाही. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळला पाहिजे, नाहीतर रस आंबायला लागतो आणि गूळ नीट बसत नाही. रस काहिलीत उकळायला लागला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालायचा, म्हणजे मळी वर येते. ती वेळेवर काढली नाही तर रंग काळवंडतो. चुन्याची निवळी रसाचा आंबटपणा मारते आणि गुळाला कडकपणा देते. पण जास्त पडली तर रंग डावा होतो. शेवटी पाक उतरवायची वेळ. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून बघायची. लवकर उतरवला तर गूळ मऊ, उशीर केला तर करपला. थर्मामीटरच्या भाषेत सांगायचं तर कडक गुळासाठी ११८ ते १२० अंश सेल्सिअस आणि काकवीसाठी १०५-१०६ अंश. म्हणजे गूळ उतरवताना चुकायला फार तर दोन अंशांची जागा.

आबांनी थर्मामीटर कधी वापरला नाही. ते पाण्यातली गोळी दाबायचे, वाफेकडं बघायचे, बुडबुड्याचा आवाज ऐकायचे आणि हात वर करायचे. हात वर झाला की काहील उचलायची. चाळीस हंगाम हे असंच चाललं.

धाकटा मुलगा कृषी पदविका करून आला. त्यानं दोन-तीनदा विचारलं, "आबा, मला काहिलीवर उभा करा की."

आबांचं उत्तर ठरलेलं. "गूळ शिकवून येत न्हाई लेका, बघून येतो. तू आधी बघ."

पोरगा बघत राहिला. दहा वर्षं बघत राहिला. पण उभं कधी केलं नाही. कारण एक आधण म्हणजे अडीच-तीन तासांची मेहनत आणि दीड-दोन टन ऊस. शिकाऊ पोराच्या हाती ते कोण देईल? आबांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. पण सगळी विद्या एकाच डोक्यात राहिली, हेही तितकंच खरं.

थोरला मुलगा एमआयडीसीत कामाला. महिन्याला पगार, आठवड्याला सुट्टी. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. "गुऱ्हाळ बंद करा, ऊस कारखान्याला घाला, आणि माझ्या वाट्याचं मला वेगळं काढून द्या."

दोन आधणं बिघडली

दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात, पहाटेच्या आधणाला आबा खाली कोसळले. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पण उजवा हात गेला आणि बोलणं अडखळू लागलं.

इकडं तोडलेला ऊस फडाकडून घाण्यावर येऊन पडलेला. थांबायला सवड नव्हती. धाकट्यानं शेजारच्या गावातून एक नावाजलेला गुळव्या आणला. माणूस कसबी होता, रोजगारही तसाच घ्यायचा. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी ओढ्याकडच्या रानातला ऊस आला आणि दोन आधणं बिघडली. वाफ्यात गूळ बसेचना. साच्यातून काढला तर चिकट गोळा. पेठेत नेण्याजोगा नव्हताच.

गुळव्या म्हणाला, "रस चांगला न्हाई." धाकटा म्हणाला, "तुमची गोळी कच्ची राहिली." दोघांत बाचाबाची झाली. थोरला सुट्टी काढून आलेला, तो म्हणाला, "बघा, मी म्हणत हुतो त्येच झालं. बंद करा."

त्या वेळी धाकटी सून मळी टाकायचं घमेलं घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "आबा वढ्याकडच्या उसाला निवळी दोन तांबं जास्त घालायचं. आन् गोळी जरा कडक आल्याबिगर हात वर करायचं न्हाईत."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिला कसं ठाऊक? तिला ठाऊक असणारच. आठ वर्षं निवळी ती भरून देत होती. आबा तिला सांगायचे, "आज दोन तांबं जास्त आण." तिनं कधी विचारलं नाही, पण ऊस कुठल्या रानातला आहे, हे तिला दिसत होतं.

ओढ्याकडचं रान सखल. परतीच्या पावसात तिथला ऊस लोळला होता. लोळलेल्या उसाचा रस लवकर आंबट होतो, त्याला निवळी थोडी जास्त लागते आणि पाक थोडा पुढं न्यावा लागतो. आबांना याचं शास्त्र माहीत नव्हतं. त्यांना रान माहीत होतं. गुळव्याला शास्त्र नाही तरी कसब माहीत होतं, पण रान माहीत नव्हतं. तिसरं आधण सुनेच्या सांगण्यावरून उतरवलं. रंग थोडा डावा आला, पण गूळ कडक बसला.

"त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं," धाकटा सांगतो, "की गूळ करायला शिकणं येगळं आन् आमच्या रानातल्या उसाचा गूळ करणं येगळं. पयलं बाहेरून इकत आणता येतं. दुसरं कुटं मिळत न्हाई."

दोनशे पानी वही

त्या हंगामातच सुनेनं मुलाची दोनशे पानी वही घेतली आणि रेघा मारल्या. तारीख. कुठल्या रानातला ऊस. जात कोणती: को ८६०३२, को ९२००५ की आणखी कुठली. तोडून किती तास झाले. रसाचं ब्रिक्स किती. त्यासाठी हातात धरून बघायचा रिफ्रॅक्टोमीटर धाकट्यानं घेतला. निवळी किती तांबे. पाक किती अंशाला उतरवला. गूळ कसा बसला. आणि शेवटच्या रकान्यात अडत दुकानाच्या पट्टीवरून मिळालेला दर.

आबा घरी आल्यावर त्यांना खाटेवर काहिलीजवळ बसवलं. थंड पाण्यातली गोळी सून त्यांच्या डाव्या हातात देते. ते दाबून बघतात. मान हलवली की सून थर्मामीटर वाचते आणि आकडा लिहिते. कधी ११८ ला मान हलते, कधी ११९ ला, ओढ्याकडच्या उसाला १२० ला. म्हणजे चाळीस वर्षं बोटात होतं ते आता आकड्यात उतरतं आहे.

आम्ही गेलो तेव्हा वही बघायला मागितली. सुनेनं पदराला हात पुसून आणून दिली. पानांना गुळाचे डाग लागलेले.

"यात चुकाबी लिवल्यात व्हय वहिनी?"

"लिवल्यात की दादा. चुका न लिवून कसं चालंल? उद्या पोरानं त्येच करायला नको."

एका पानावर लाल रेघ होती. माळाच्या रानात युरिया जास्त पडला होता, त्या उसाचा गूळ पंधरा दिवसांत पाझरायला लागला. अडत्यानं पट्टीत कापून घेतलं. त्यापुढं सुनेनं लिहिलं आहे: माळाला शेवटचा हप्ता बंद. उसाला नत्र जास्त झालं की गूळ टिकत नाही, हे कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात कुणीही सांगेल. या घराला ते आधीही एखाद्या मेळाव्यात ऐकायला मिळालं असणार. पण स्वतःच्या वहीत, स्वतःच्या रानाच्या नावापुढं लिहिलं तेव्हा अंमल झाला.

पावडरीचा तोटा आणि बापाचं मौन

वहीमुळं आणखी एक गोष्ट बाहेर आली. तीस किलोच्या रव्याला पेठेत जो दर मिळतो, त्यापेक्षा एक किलोच्या ढेपेला आणि काकवीला चार पैसे जास्त मिळतात, हे शेवटच्या रकान्यावरून दिसलं. धाकट्याच्या मनात गुळाची पावडर करायचं आधीपासून होतं. आबा धडधाकट होते तेव्हा म्हणाले होते, "पावडर ही काय गुळाची जात हाय व्हय?" आता त्यांनी मान हलवली.

पहिल्या वर्षी पावडर झाली, पिशव्या भरल्या, आणि जूनच्या पहिल्या पावसात निम्म्या पिशव्यांचे गठ्ठे झाले. वाळवण कमी पडलं, पिशवीला हवा लागली. घरात सगळे आबा काय म्हणतात म्हणून त्यांच्याकडं बघत होते. आबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना अडखळत एवढंच म्हणाले, "मीबी... पयल्या साली... सात आधणं घालवली हुती."

घरातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं आबांनी ते सांगितलं नव्हतं. आबांनाही कुणीतरी चुकू दिलं होतं, त्यांच्या वडिलांनी. पण घरात फक्त यशाची गोष्ट सांगितली जाते, अपयशाची सांगायची लाज वाटते. मग पुढच्या पिढीला वाटतं, बाप जन्मतःच शहाणा होता, आणि आपण नालायक.

दुसऱ्या वर्षी पावडर नीट वाळवली, हवाबंद भरली. थोडीच केली, पण खपली.

किर्लोस्करवाडीचा धडा

हे सगळं एका गुऱ्हाळापुरतं आहे असं कुणी म्हणेल. म्हणून आपल्याच मातीतलं एक मोठं उदाहरण बघू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचं दुकान काढलं, तेव्हा भाऊ रामूअण्णा सोबत होते. पुढं कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासेल, विषारी होईल, असं त्या वेळी शेतकऱ्यांना वाटायचं. नांगर खपेनात. तरी घर मागं हटलं नाही. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. नांगरापाठोपाठ चरकही झाले. आपल्याकडच्या पुष्कळ घाण्यांना किर्लोस्करचं लोखंड लागलेलं आहे.

त्या घरानं तीन गोष्टी केल्या. पहिली: कामं वाटून घेतली. ज्याला यंत्र कळतं तो यंत्राकडं, ज्याला माणसं सांभाळता येतात तो माणसांकडं. दुसरी: शिकायला बाहेर पाठवलं आणि परत बोलावलं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ मध्ये यंत्रशास्त्राची पदवी घेऊन आले आणि कारखान्यातच उभे राहिले. शंभूराव जांभेकरांसारख्या घराबाहेरच्या माणसांनाही घरच्यासारखं जबाबदारीनं वागवलं. तिसरी: लिहून काढलं. पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्यात काय चाललं आहे, नवं काय निघालं, हे त्यातून माणसांपर्यंत आणि गिऱ्हाइकांपर्यंत जायला लागलं.

आपल्या गुऱ्हाळाला अमेरिका नको आणि मासिकही नको. पण कामाची वाटणी, बाहेरचं शिक्षण आणि लिखाण या तीन गोष्टी दोनशे पानी वहीतही बसतात.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. घरच्या धंद्यात जिथं थोरल्याचा शब्द म्हणजे वेद, तिथं नवी वाट सापडत नाही. जिथं एका भावाला सगळं ठाऊक आणि दुसऱ्याला काहीच नाही, तिथं संशय वाढतो आणि कोर्टाची पायरी लागते. आणि जिथं बाहेरचा गुळव्या वर्षानुवर्षं काम करतो पण त्याला परकाच मानलं जातं, तिथं तो एका दिवाळीला दुसऱ्याकडं जातो आणि विद्या त्याच्याबरोबर जाते. नात्यानं धंदा जोडला जातो तसा नात्यानंच तुटतो. सगळं कारभारी माणसावर आहे.

वाटणीचा प्रश्न

ज्या घराची ही गोष्ट, तिथला प्रश्न अजून मिटलेला नाही. थोरल्याला वाटणी हवी आहे, आणि त्याची मागणी गैर नाही. दोन बहिणी आहेत, त्यांचाही हक्क आहे. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं आला, २००५ मध्ये तो देशभर झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या शंकाही दूर केल्या. "बहिणीचं हक्कसोड करून घ्या" एवढ्यावर आता विषय संपत नाही, आणि संपू नये.

जमिनीचे तुकडे कसे होत चालले आहेत हे आकडेच सांगतात. कृषिगणनेप्रमाणं १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. एवढ्याशा रानावर चार गुऱ्हाळं चालणार नाहीत. जमीन वाटली तरी घाणा, काहील आणि वही एकत्र ठेवता येईल का? ज्याचा ऊस त्याला त्याच्या उसाप्रमाणं गूळ आणि जो राबतो त्याला राबण्याचा वेगळा मोबदला, असा हिशेब बसवता येईल का? यावर त्या घरात बोलणं चालू आहे. थोरला म्हणाला, "हिस्सा द्या, मग गुऱ्हाळाला माझा ऊस घालतो." धाकटा म्हणाला, "लिवून ठेवू." एवढ्यापर्यंत आलं आहे.

बोलणं एवढं पुढं आलं त्याचं एक कारण वही आहे, असं सुनेला वाटतं. आधी थोरल्याला वाटायचं, धाकटा गुळातून रग्गड कमावतो आणि दाखवत नाही. आता प्रत्येक आधणाची पट्टी वहीला टाचलेली आहे. भाऊ येतो, पानं चाळतो, चहा पितो आणि जातो. भांडण आहे, पण आकड्यावर आहे.

तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, तुम्हालाही दोन शब्द

हे पान गावकारभारी मंडळीही वाचतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. २०२४ पासून तुमच्या पाट्यांवरची पदनामं बदलली, पण कामं तीच आहेत.

पहिलं काम वारसनोंदीचं. घरातला कर्ता गेल्यावर वर्षानुवर्षं सातबारावर मयताचं नाव राहतं. मग कर्ज नाही, अनुदान नाही आणि भावाभावांत बोलणंही नाही. संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होऊ शकतं, हे ग्रामसभेत एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. पुष्कळांना वाटतं की वाटणी म्हणजे दिवाणी दावाच.

दुसरं काम बाईच्या नावाचं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि १९९२ मध्ये सरकारनंही पत्नीचं नाव सातबारावर लावायचं परिपत्रक काढलं. त्याला तीस वर्षं होऊन गेली. आपल्या गावात किती सातबारांवर दोघांची नावं आहेत, मोजून बघा.

तिसरं काम सोपं आहे. गुळाचं, ठिबकाचं, खताचं प्रशिक्षण असलं की यादी सातबारावरून काढली जाते. सातबारावर आबा. मग निमंत्रण आबांना. आबा खाटेवर, धाकटा रानात आणि वही सांभाळणारी सून घरी. तिला निमंत्रणच जात नाही. पुढच्या वेळी यादी करताना एवढंच विचारा: "तुमच्या घरात नोंद कोण ठेवतं?" त्या माणसाचं नाव यादीत घाला. बाई असली तरी, आणि बहुतेक वेळा ती बाईच असेल.

हंगामाच्या आधी

शेतकरी बंधू-भगिनींनो, गुऱ्हाळ असो, दुधाचा धंदा असो, द्राक्षबाग असो की रोपवाटिका असो, थोरल्यांच्या डोक्यात जे आहे ते काढून घ्यायची वेळ आजची आहे. कुठल्या रानात पाणी कधी मुरतं, कुठल्या म्हशीला कुठली पेंड मानवते, कुठला व्यापारी वेळेवर पैसे देतो आणि कुठला काट्यात मारतो, हे सगळं लिहून ठेवा. थोरल्यांनी आपल्या चुकाही सांगाव्यात. त्यानं मान कमी होत नाही, वाढतो. धाकट्याला एखादं आधण बिघडवू द्या. पाच आधणांतलं एक त्याच्या हाती द्या आणि आपण शेजारी बसा. घरात जे राबतात त्यांना हिशेब दाखवा, मग ते सून असो, बहीण असो की बाहेरचा गुळव्या असो.

निघताना आबांना नमस्कार केला. त्यांनी डाव्या हातानं सुनेकडं बोट केलं आणि काहीतरी म्हणाले. आम्हाला नीट कळलं नाही. सुनेनंच सांगितलं.

"म्हंत्यात, यंदा वढ्याकडचा ऊस उभा हाय. निवळी कमी लागंल. लिवून ठेव."

आणि ती आत वही आणायला गेली.